मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धावर दर्याकादंबरी लिहिताना: आधी तिथी, मग तोफ

1681 ते 1707 या सत्तावीस वर्षांच्या लढ्यावर मराठीत लिहायला बसलेले बहुतेक जण घोडदळाच्या वाटेने जातात. जे थोडे समुद्राकडे वळतात त्यांची हस्तलिखिते एकाच ठिकाणी अडकतात. नायक ठरतो, खलनायक ठरतो, शेवटची मोठी लढाई ठरते आणि मग त्याभोवती समुद्र चिकटवला जातो. मग आषाढात आरमार बाहेर पडते, ऐन ओहोटीला गुराब, म्हणजे मोठी लढाऊ नौका, खाडीतून निसटते, पौर्णिमेच्या रात्री शत्रूला चाहूल लागत नाही. हर्णै किंवा थळसारख्या किनाऱ्यावरच्या गावातला वाचक तिसऱ्या पानावरच पुस्तक खाली ठेवतो.

यावर उपाय क्रम बदलण्याचा आहे. वर्ष, हंगाम, तिथी, भरती, वारा, गलबत, माणसे आणि शेवटी प्रसंग, या क्रमाने जा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. मधली एखादी गाळली तर पुढच्या सगळ्या पुन्हा कराव्या लागतात.

## 1. काळाची चौकट आवळा

सत्तावीस वर्षे एका कादंबरीत मावत नाहीत. दोन किंवा फार तर तीन हंगाम निवडा. समुद्राच्या दृष्टीने या काळाचे चार तुकडे पडतात.

- 1681–82: संभाजी महाराजांचा जंजिऱ्याला वेढा. राजपुरीच्या किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत भर टाकून वाट करण्याचा प्रयत्न. मोगली फौज कोकणात उतरल्यामुळे महाराजांना मोहीम अर्धी टाकावी लागली.
- 1683: पोर्तुगीजांशी युद्ध, चौलला वेढा, फोंडा आणि नोव्हेंबरात गोव्याचे जुवे बेट.
- 1689–90: संभाजी महाराजांचा वध, रायगडाचा पाडाव, राजाराम महाराज जिंजीला आणि इकडे सिद्दी याकूतखानाचा मुंबईच्या इंग्रजांना वेढा.
- 1698 नंतर: सिधोजी गुजरांच्या मृत्यूनंतर कान्होजी आंग्रे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होतात. 1700 पासून कारभार ताराबाईंच्या हाती.

ज्याला पहिलीच कादंबरी लिहायची आहे त्याने 1689–90 घ्यावे. राजधानी गेलेली, छत्रपती शेकडो कोस दूर, किनाऱ्यावरचे किल्लेदार आपल्या हिमतीवर उभे, आणि शत्रूच आपसांत भांडताहेत. साहसकथेला याहून चांगली जमीन मिळणार नाही.

सावधान: ही दोन बाजूंची लढाई नव्हती. एकाच किनारपट्टीवर मराठे, जंजिऱ्याचा सिद्दी, मुंबईचे इंग्रज, चौल-वसई-गोव्याचे पोर्तुगीज, वेंगुर्ल्याचे डच आणि सुरतेचे मोगल नांदत होते. चौलचा पोर्तुगीज या वर्षी शत्रू, तर दोन वर्षांनी धान्य विकणारा शेजारी. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर "आज कोण कोणाशी लढतो आहे" ही एक ओळ स्वतःसाठी लिहून ठेवा. आणि कान्होजींच्या इंग्रजांशी झालेल्या प्रसिद्ध लढाया, म्हणजे 1718 ची खांदेरी आणि 1721 चा कुलाबा, या चौकटीच्या बाहेर आहेत. मोह झाला तरी त्यांना आत ओढू नका.

## 2. तारखांचा गुंता सोडवा

सर्वांत जास्त चुका इथे होतात. इंग्रजांची पत्रे जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीने तारीख घालत. पोर्तुगीज 1582 पासून नव्या, म्हणजे ग्रेगोरियन पद्धतीने. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचा फरक आहे, 1700 च्या फेब्रुवारीअखेरीपासून अकरा. औरंगजेबाचा मृत्यू कुठे 20 फेब्रुवारी 1707 तर कुठे 3 मार्च 1707 असा छापलेला दिसतो तो याचमुळे. शिवाय इंग्रजांचे सरकारी वर्ष 25 मार्चला बदलत असे. त्यांच्या कागदावरचा "जानेवारी 1689" बऱ्याचदा आपल्या हिशेबाने जानेवारी 1690 असतो.

मराठी इतिहासग्रंथांत या काळाच्या तारखा बहुधा जुन्या पद्धतीच्या असतात, आणि संगणकावरची चंद्रकला दाखवणारी साधने नव्या पद्धतीने चालतात. दोन्ही सरळ जोडल्या तर चंद्रच चुकतो.

तपासणी: संभाजी महाराजांचा वध फाल्गुन अमावास्या, शके 1610, म्हणजे 11 मार्च 1689. तुमच्या साधनात ही तारीख घाला. अमावास्या दिसली तर ते साधन जुनी पद्धत धरते. वद्य पंचमीच्या आसपासचा चंद्र दिसला तर नवी धरते. तेव्हा त्यात 21 मार्च घालायला हवे. एकदा ही कसोटी लावली की पुढच्या सगळ्या तारखांना तोच नियम लावा आणि एका वहीत तीन रकाने करा: जुनी तारीख, नवी तारीख, तिथी. कथा तिसऱ्या रकान्यावर चालेल.

## 3. हंगामाचा आराखडा

ज्येष्ठात समुद्र बंद होतो आणि नारळी पौर्णिमेनंतर उघडतो. मधल्या काळात त्या वेळची लढाऊ गलबते उघड्या समुद्रात नसतात. ती खाडीत आत नेलेली, शाकारलेली असतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठ्यांच्या राज्यनीतीवरच्या ग्रंथात, आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळ्यापूर्वीच गलबते बंदरात घ्यावीत, दरवर्षी एकच बंदर धरू नये, तिथेही पहारा ठेवावा, अशा बारीक सूचना त्यात आहेत. ते प्रकरण दर्याकादंबरी लिहिणाऱ्याने तोंडपाठ केले तरी चालेल. कथेची बीजे त्यात जागोजाग पडली आहेत. उदाहरणार्थ, आंबा-फणसाचे लाकूड आरमाराच्या उपयोगाचे खरे, पण रयतेने लेकराप्रमाणे वाढवलेल्या झाडांना हात लावू नये, हा हुकूम. तुटलेल्या डोलकाठीला लाकूड हवे आहे, सागवान मिळत नाही आणि खाडीकाठी एका म्हातारीचा फणस उभा आहे. पावसाळ्यातले एक अख्खे प्रकरण यावर उभे राहते, तेही तोफेचा एकही बार न काढता.

आराखडा असा धरा: भाद्रपद ते कार्तिक, बांधणी आणि पहिल्या हालचाली; मार्गशीर्ष ते माघ, मुख्य मोहीम; फाल्गुन ते वैशाख, वाढत्या वाऱ्यात शेवटची धडक; ज्येष्ठ ते श्रावण, किनाऱ्यावर. पावसाळ्याचा भाग गाळू नका. कटकारस्थाने, फितुरी, दुरुस्ती आणि भूक यांना तोच काळ लागतो.

## 4. भरती-ओहोटी आणि चंद्र एकत्र मांडा

कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब वापरा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून दुपारी आणि रात्री तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. पूर्ण ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. मुंबईच्या आसपास उधाणाला पाणी चार ते पाच मीटर चढते-उतरते, भांगाला त्याहून पुष्कळ कमी.

आता नेहमी फसणारा प्रसंग घ्या. गुराबेला रात्री, अंधारात, शत्रूच्या नकळत खाडीबाहेर काढायचे आहे. लेखक चंद्र मध्यरात्री उगवतो म्हणून वद्य अष्टमी निवडतो आणि मध्यरात्रीच्या आधीची वेळ धरतो. पण अष्टमीची भरती सहाला. मध्यरात्री पूर्ण ओहोटी, आणि खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा. गुराब तिथे बसणार. शुद्ध अष्टमी घेतली तर चंद्र मध्यरात्री मावळतो, नंतर अंधार आहे, पण दांड्यावर पुरेसे पाणी यायला पहाटेचे चार वाजतात आणि लगेच उजाडते. अमावास्येला मात्र सगळे जुळते: रात्रभर अंधार, मध्यरात्री उधाणाची भरती, आणि ती फिरली की ओहोटी स्वतःच गलबताला बाहेर ओढते. म्हणून सुटका अमावास्येला घाला. अडकून पडण्याचा प्रसंग हवा असेल तर अष्टमीला, तोही जाणूनबुजून.

खऱ्या घटनाही या हिशेबात बसतात. 24 नोव्हेंबर 1683 च्या रात्री मराठे ओहोटी साधून गोव्याच्या जुवे बेटावर उतरले. पोर्तुगीजांची तारीख नव्या पद्धतीची, त्या दिवशी शुद्ध पंचमीच्या सुमाराची तिथी. पाचची पाऊणपट पावणेचार, म्हणजे ओहोटी मुंबईकडे रात्री दहाच्या आणि गोव्याकडे नऊच्या आसपास. मोहीम आखणाऱ्यांनी रात्र आणि उथळ पाणी एकत्र गाठले होते.

सावधान: पाऊणपटीचा हिशेब मुंबई-अलिबाग पट्ट्यात चांगला बसतो. दक्षिणेकडे भरती लवकर येते, गोव्याकडे सुमारे तासभर आधी, आणि पाणीही कमी चढते. मालवणच्या प्रसंगाला मुंबईचे पाच मीटर लावू नका. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते. सिंधुदुर्गाला होडी लागते.

## 5. दिवसाचा वारा

हिवाळ्यात किनाऱ्यालगत रोजचे एक चक्र असते. रात्री उशिरापासून सकाळपर्यंत जमिनीकडून मतलई वारा. दुपारपासून सूर्यास्तापर्यंत समुद्राकडून, बहुधा वायव्येचा खारा वारा. दोन्हींच्या मध्ये, साधारण दहा ते बारा, वारा पडतो.

ही दोन तासांची शांतता तुमच्या लढाईची जागा. इंग्रजांचे मोठे जहाज तेव्हा जागच्या जागी डुलते. वल्ह्यांची गलबते मात्र चालतात. दुपारी वारा परतला की तेच जहाज वळते, आणि त्याची बाजूच्या तोफांची रांग समोर येते.

प्रवासाचा हिशेबही याच वाऱ्यावर करा. हर्णै ते अलिबाग समुद्रमार्गे सुमारे 50 सागरी मैल. ताशी चार सागरी मैल धरले तर बारा-तेरा तास, तेही वारा अनुकूल असताना. उत्तरेकडे जाताना दुपारचा वायव्येचा वारा तोंडावर येतो, म्हणून ही वाट बहुधा दोन दिवसांची होते आणि मध्ये एखाद्या खाडीत नांगर टाकावा लागतो. उलट उतरताना एका दिवसात पोचता येते. हस्तलिखितात दोन्ही फेऱ्यांना सारखाच वेळ लागत असेल तर तिथे चूक आहे.

## 6. गलबत निवडा आणि त्याची वजने मांडा

अठराव्या शतकातल्या इंग्रज वर्णनांत आंग्र्यांच्या आरमाराची मापे मिळतात. ती तुमच्या काळानंतरची आहेत, म्हणून वरची टोके न धरता मधले आकडे धरा.

गुराब: दोन डोलकाठ्यांची सुमारे 150 टनांची, तीन काठ्यांची 300 टनांपर्यंत. तळ उथळ, रुंदी भरपूर, नाळ (पुढचे टोक) लांब निघालेली आणि खाली. मुख्य दोन तोफा नाळेच्या दिशेने समोर मारतात, नऊ ते बारा पौंडी. बाजूला सहा ते नऊ पौंडी.

लढाऊ गलबत: क्वचितच 70 टनांवर. मोठ्या काठीवर एक मोठे तिकोनी शीड, मागची काठी लहान. 40 ते 50 वल्ही, ताशी चार मैलांपर्यंत चाल. हलक्या गलबतावर बांबूच्या कामट्यांची पाटण (डेक) आणि जंबुरे, म्हणजे फिरत्या खुंटीवरच्या छोट्या तोफा, मोठ्यावर दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा.

आज्ञापत्रात पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा सांगितला आहे. कादंबरीला एवढे पुरे. वाचकाला वीस नावे लक्षात राहत नाहीत. तीन गलबतांना नाव आणि स्वभाव द्या, बाकीची मागे ठेवा.

आता वजने. माणशी रोज चार लिटर पाणी धरा. शंभर माणसे, पाच दिवस: 2,000 लिटर, म्हणजे दोन टन, शिवाय पिंपांचे वजन वेगळे. वल्हेकऱ्यांना उन्हात याहून जास्त लागते. नऊ पौंडी गोळा चार किलोचा, त्याला दीड ते दोन किलो दारू. चाळीस बार म्हणजे 160 किलो गोळे आणि 60 ते 80 किलो दारू, एका तोफेची. पाचव्या दिवशी पाण्यासाठी कुठल्या तरी खाडीत शिरावेच लागते. ती खाडी कोणाची, हा प्रश्न कथेत आपोआप येतो.

तपासणी: नाचणीची भाकरी, तांदूळ, सुके मासे, नारळ, कोकम चालतील. चहा आणि बटाटा काढून टाका. मनगटावरचे घड्याळ कोणी घालत नाही, पण "पाच मिनिटांनी" असे लिहिणारे आढळतात. संवादात घटका आणि प्रहर वापरा.

## 7. माणसांची उतरंड

गलबतावर नाखवा (गलबताचा प्रमुख), तांडेल (खलाशांचा म्होरक्या), सारंग, खलाशी आणि गोलंदाज. वर सुभेदार, त्याच्या वर सरखेल. माणसे कोळी, भंडारी, खारवी, गाबीत, दालदी, म्हणजे हिंदूही आणि मुसलमानही. शिवकालातच मायनाक भंडारी आणि दौलतखान एका आरमारात लढले आहेत. एकाच जातीचे, एकाच बोलीचे गलबत रंगवाल तर ते खोटे वाटेल.

मुख्य पात्र कल्पित असू द्या आणि ते तांडेलाच्या पायरीवर ठेवा. तांडेल हुकूम घेतो आणि देतोही, सुकाण्यापाशी उभा असतो, दारूच्या कोठीतही उतरतो. कान्होजींना नायक केले की त्यांचा प्रत्येक दिवस कागदाशी ताडावा लागतो आणि लेखणी आखडते. त्यांना तीन-चार प्रसंगांत आणा, नोंदलेल्या दिवशी, नोंदलेल्या ठिकाणी. त्यांच्या तोंडी लांब भाषण घालू नका. एखादा हुकूम पुरतो.

संबोधने सांभाळा. खलाशी नाखव्याला "नाखवा" म्हणतो, सुभेदारापुढे "साहेब" आणि अहोजाहो. बरोबरीचे आपसांत अरे-तुरे. त्या काळच्या कागदांत फारसी शब्द भरपूर आहेत: गनीम, कौल, दस्तक, जामगी (तोफेला बत्ती देण्याची पेटती वात). गद्यात "युद्धनौका" आणि "नौसेनापती" पेरले की ते गणतंत्रदिनाच्या संचलनासारखे ऐकू येते.

## 8. लढाई लिहा, तीही घड्याळ लावून

आतापर्यंतचे सगळे इथे वापरायचे. समजा सकाळी दहाला वारा पडला. शत्रूचे जहाज तीन मैलांवर. गलबते गुराबेला दोर लावून ओढताहेत, ताशी दोन मैल. पोचायला दीड तास. बाराला खारा वारा सुरू होणार. लढायला उरला अर्धा तास. मोठ्या तोफेला कादंबरीसाठी पाच मिनिटांत एक बार धरा: नळी पुसणे, दारू, बोळा, गोळा, ठासणे, कानात बारीक दारू, जामगी. म्हणजे एका तोफेचे सहा बार. दोन तोफा, बारा गोळे. चार गुराबा असतील तर अठ्ठेचाळीस. एवढ्यात डोलकाठी पाडायची. हा आकडा लिहिताना समोर असेल तर "तोफा धडाडू लागल्या" हे वाक्य लिहावेसेच वाटणार नाही. गोलंदाज चौथा गोळा उचलतो आणि पश्चिमेला पाण्यावर काळी रेघ दिसते. वारा येतो आहे. प्रसंगाचा ताण त्या रेघेत आहे.

क्रम असा ठेवा:

1. पिछाडीकडून जवळ जा. जहाजाच्या बाजूला तोफांची रांग, मागे थोड्याच तोफा. ओढणारी गलबते कुठे आहेत ते प्रत्येक परिच्छेदात ठाऊक हवे.
2. दोन-तीनशे मीटरच्या आत आल्याशिवाय बार नाही. त्यापलीकडचे गोळे वाया.
3. नेम शिडे, दोर आणि काठ्यांवर. जहाज बुडवायचे नाही, पांगळे करून धरायचे आहे.
4. काठी पडली की माणसांनी भरलेली गलबते चढाईला.
5. वारा आधी परतला तर मोडता पाय घ्या आणि किल्ल्याच्या तोफांखाली या. आज्ञापत्रही प्रतिकूल वाऱ्यात झुंज टाळायला सांगते. ही माघार भ्याडपणाची म्हणून रंगवू नका.

सावधान: शरण येतो म्हणणाऱ्या जहाजाला आपले गलबत लगेच भिडवणे ही आज्ञापत्राच्या दृष्टीने चूक आहे. लांबून घेरावे, त्यांच्या मुख्याला होडीतून बोलवावे. तुमच्या तरुण सुभेदाराने हा नियम मोडला तर त्याची किंमत दाखवा.

दिसण्याचा हिशेबही ठेवा. पाण्यापासून दोन मीटर उंचीवरच्या डोळ्यांना क्षितिज पाच किलोमीटरवर. वीस मीटरच्या बुरुजावरून सोळा. पंधरा मीटरचे शीड त्याच बुरुजावरून, हवा स्वच्छ असेल तर, तीस किलोमीटरपर्यंत दिसू शकते. आधी शिडाचा शेंडा दिसतो, नंतर खालचे अंग. म्हणून बातमी नेहमी बुरुजावरून खाली येते, होडीतून वर जात नाही.

## 9. शेवटची चाळणी

हस्तलिखित पुरे झाल्यावर तीन फेऱ्या करा, तिन्ही वेगवेगळ्या दिवशी. पहिल्या फेरीत फक्त तिथी वाचा: प्रत्येक रात्रीच्या प्रसंगाशेजारी चंद्र आणि पाणी लिहा. दुसऱ्या फेरीत फक्त वारा: प्रत्येक वळणाशेजारी दिशा आणि प्रहर. तिसऱ्या फेरीत मोजदाद: माणसे, गोळे, पाणी. सातव्या प्रकरणात मेलेला गोलंदाज नवव्यात जामगी धरतो, हे इथेच सापडते.

त्यानंतर लढाईचे आणि सुटकेचे प्रकरण अशा माणसाला मोठ्याने वाचून दाखवा ज्याने शिडाची किंवा वल्ह्याची होडी स्वतः चालवली आहे. त्याला कथा कशी वाटली हे विचारू नका. प्रत्येक हालचालीला एकच प्रश्न: "हे असे करता येईल का?" तो जिथे थांबून हाताने हवेत सुकाणू फिरवायला लागेल, तिथे खूण करा आणि तो परिच्छेद पुन्हा लिहा.